जाण्या-येण्याचं तिकीट

ब्युनोस आयर्सच्या रेतिरो बसस्थानकावर रोसारिओच्या गाडीचं तिकीट काढायला उभा होतो. काचेपलीकडच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "ईदा? ओ ईदा इ व्हुएल्ता?" नुसतं जायचंय, की जाऊन-येऊन? माझ्या स्पॅनिशच्या गाठोड्यात पंचवीस-तीस शब्द होते. त्यांतले हे दोन पक्के होते, आणि ते मी बसच्या नव्हे, फुटबॉलच्या नादानं शिकलो होतो. दोन सामन्यांच्या लढतीला अर्जेंटिनात हेच म्हणतात. पहिला सामना 'ईदा', म्हणजे जाणं. दुसरा 'व्हुएल्ता', म्हणजे येणं. आधी एकानं दुसऱ्याच्या घरी जायचं, मग दुसऱ्यानं पहिल्याच्या.

दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सर्वांत मानाचा चषक म्हणजे कोपा लिबर्तादोरेस. १९६० साली तो सुरू झाला तेव्हापासून २०१८पर्यंत त्याची अंतिम फेरी अशीच जाऊन-येऊन होत आली. त्यातली शेवटची फेरी एकाच शहरातल्या दोन संघांच्या वाट्याला आली, रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्सच्या. दोघांची मैदानं सरळ रेषेत साधारण १३ किलोमीटरवर. पुणे स्टेशनवरून निघालेला माणूस वारज्याला पोचेल, एवढंच अंतर. जाणं ठरल्याप्रमाणे झालं. येणं मात्र झालंच नाही. ते अटलांटिक ओलांडून सुमारे १० हजार किलोमीटरवर माद्रिदला जाऊन पडलं. त्या हुकलेल्या परतीच्या वाटेनं एकदा आपण चालून बघावं, एवढाच माझ्या प्रवासाचा बेत होता. रोसारिओ म्हणजे मेस्सीचं गाव, मधल्या एका दिवसाची चैन.

वाट सुरू होते ला बोकात. बोका म्हणजे तोंड. रिआचुएलो नावाची काळपट, संथ नदी इथं विशाल प्लाता नदीला मिळते, त्या मुखावरचं हे जुनं बंदर. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या जेनोआहून आलेले खलाशी आणि गोदी कामगार इथं उतरले, पन्हाळी पत्र्याची घरं बांधून राहिले आणि जहाजाला लावून उरलेला रंग घरांना फासत गेले. एका डब्यात अख्खं घर रंगत नसे, म्हणून एकाच भिंतीवर निळा, पिवळा, लाल. पुढे इथल्याच बेनितो किंकेला मार्तिन या चित्रकारानं कामिनितो नावाच्या गल्लीचं रूप पालटलं आणि आता जगभरचे पर्यटक तिथं फोटो काढतात. टँगो नाचणारी जोडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात हात टाकायला तयारच असते. पण दोन गल्ल्या ओलांडल्या की रंग विटतो, पत्र्याला गंज दिसू लागतो, दारात खुर्ची टाकून बसलेल्या आजीबाई येणाऱ्याला नीट निरखतात. आणि मग एका वळणावर घरांच्या डोक्यावरून निळी-पिवळी भिंत वर येते.

ती भिंत म्हणजे ला बोंबोनेरा. २५ मे १९४० रोजी खुलं झालेलं हे स्टेडियम. नावाचा अर्थ चॉकलेटची पेटी. जागा इतकी अपुरी की तिन्ही बाजूंना उभ्या चढणीचे मजले रचले आणि चौथ्या बाजूला जागाच उरली नाही, तिथं सरळ भिंतीसारखी सपाट इमारत उभी केली. वरच्या मजल्यावर बसलेल्याला मैदान समोर दिसत नाही, पायाखाली दिसतं. विहिरीत डोकावल्यासारखं. पन्नासेक हजार माणसं एका तालात उड्या मारू लागली की इथलं काँक्रीट खरोखरच हलतं. बोकावाले म्हणतात, ते हलत नाही, त्याची धडधड होते. मी गेलो त्या दिवशी सामना नव्हता. गवतावर पाण्याचे फवारे चालू होते आणि ब्राझीलहून आलेलं एक कुटुंब कुजबुजत बोलत होतं, देवळात बोलावं तसं.

गंमत अशी की रिव्हर प्लेटचा जन्मही इथलाच. २५ मे १९०१ रोजी याच बंदराच्या वस्तीत रिव्हर सुरू झाला, बोका त्यानंतर चार वर्षांनी, ३ एप्रिल १९०५ला. बोकाच्या पोरांना रंग ठरत नव्हता. शेवटी बंदरात पुढं जे जहाज येईल त्याच्या झेंड्याचे रंग घ्यायचे असं ठरलं आणि जहाज निघालं स्वीडनचं, म्हणून निळा-पिवळा, अशी कहाणी इथं सगळे सांगतात. रिव्हर जागा बदलत बदलत उत्तरेकडच्या सुखवस्तू भागात गेला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं कार्लोस पेउसेये आणि बेर्नाबे फेर्रेइरा यांच्यासाठी त्या काळी डोळे पांढरे होतील एवढे पैसे मोजले आणि त्याला 'मियोनारिओस', म्हणजे लखपती, हे नाव चिकटलं. एक भाऊ वाड्यात राहिला, दुसरा बंगल्यात गेला. भाऊबंदकीला एवढं पुरतं.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावं ऐकत मी वाढलो. संघ तालमीचा, तालीम पेठेची, आणि सामना हरला की सोमवारी शाळेत तोंड लपवायची पाळी आपली. विश्वचषकाच्या दिवसांत आमच्याकडे पेठापेठांतून अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. प्रेक्षागृहातून दगड आला, सामना थांबला, हेही आम्हाला नवं नाही. त्यामुळे तिकडच्या वेडाबद्दल बोलताना मी नाक फार वर करत नाही.

दोघं एकमेकांना काय काय म्हणतात ते ऐकण्यासारखं आहे. बोकावाले 'बोस्तेरो', म्हणजे शेण-लिदीतले. त्या भागातल्या विटांच्या भट्टीवर घोड्यांची लीद वापरत, तिचा वास या शिवीत आहे. रिव्हरवाले 'गायिना', कोंबड्या, भित्र्या. ही शिवी थेट लिबर्तादोरेसच्या अंतिम फेरीतून आली आहे आणि तिची कथा जाण्या-येण्याच्या नियमावरच उभी आहे. १९६६ साली रिव्हरची गाठ उरुग्वेच्या पेन्यारोलशी होती. मॉन्टेव्हिडिओत पेन्यारोल २-० असा जिंकला, ब्युनोस आयर्समध्ये रिव्हर ३-२ असा. आजच्यासारखी दोन्ही सामन्यांतल्या गोलांची बेरीज केली असती तर ४-३ अशा फरकानं कारभार तिथंच आटोपला असता. पण तेव्हा गोल नव्हे, विजय मोजत. एक-एक बरोबरी, म्हणून तिसरा सामना चिलीच्या सांतियागोत. तिथं रिव्हर मध्यंतराला २-० असा पुढे होता आणि जादा वेळेत ४-२ असा हरला. पुढच्या एका लीग सामन्यात बानफील्डच्या पाठीराख्यांनी अंगावर लाल पट्टा ओढलेली पांढरी कोंबडी मैदानात सोडली. गोलांची बेरीज केली असती तर त्या कोंबडीचा जीव वाचला असता आणि रिव्हरची इज्जतही.

या पार्श्वभूमीवर २०१८ साली हे दोघं लिबर्तादोरेसच्या अंतिम फेरीत पहिल्यांदाच समोरासमोर आले. शहराचं काय झालं असेल याची कल्पना करता येते. देशाचे अध्यक्ष तेव्हा माउरिसिओ माक्री होते, जे १९९५ ते २००७ बोकाचे अध्यक्ष होते. अर्जेंटिनात २०१३पासून पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना स्टेडियमबंदी होती. माक्रींनी सुचवलं की या दोन सामन्यांपुरती ती उठवावी. दोन्ही क्लबांनी नको म्हटलं. म्हणजे जाणं-येणं फक्त खेळाडूंनी करायचं, लोकांनी आपापल्या घरीच थांबायचं. मला वाटतं, या फेरीचा अर्धा जीव तिथंच गेला होता. पाहुणा येणारच नसेल तर यजमानपण कुणाला दाखवायचं?

पहिला सामना १० नोव्हेंबरला बोंबोनेरात होता. त्या दिवशी असा पाऊस कोसळला की मैदानाचं तळं झालं, आणि सामना ११ तारखेवर गेला. ३४व्या मिनिटाला रामोन आबिलानं बोकाला पुढे नेलं. स्टेडियमचा आवाज खाली यायच्या आत रिव्हरच्या लुकास प्रात्तोनं बरोबरी केली. मध्यंतराच्या शिट्टीआधी बोकाच्या दारिओ बेनेदेत्तोनं हेडर मारून २-१ केलं. तो मूळ अकरांत नव्हता, जखमी पावोनच्या जागी आलेला. ६१व्या मिनिटाला फ्री किकवर बोकाच्याच इस्किएर्दोसच्या डोक्याला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. २-२. अगदी शेवटी तेवेसच्या पासवर बेनेदेत्तो एकटा गोलरक्षकासमोर पोचला आणि फ्रांको आर्मानीनं तो चेंडू अडवला. तो अडवला नसता तर पुढचं बरंच काही घडलं नसतं.

परक्या मैदानावरचा गोल जड धरायचा, हा नियम लिबर्तादोरेसच्या अंतिम फेरीला लागू नव्हता. त्यामुळे रिव्हरचे ते दोन गोल दोनच राहिले. पाटी कोरी. आता परतीच्या सामन्यात जो जिंकेल त्याचा चषक.

ला बोकातून १५२ क्रमांकाची बस निघते ती शहर उभं चिरत उत्तरेला ओलिव्होसपर्यंत जाते. हीच माझी परतीची वाट. कार्ड यंत्राला टेकवायचं, कुठं उतरणार ते चालकाला सांगायचं, तो पैसे कापतो. बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगा बोकाचा शर्ट घालून बसला होता. सांता फे रस्त्यावर, शहराचा श्रीमंत भाग लागला तसा त्यानं जॅकेट चढवून चेन गळ्यापर्यंत ओढली. बाहेर उन्हाळा होता. मी काही विचारलं नाही.

काबिल्दो रस्त्यावर उतरून मी पूर्वेकडे चालू लागलो. झाडी दाट होत जाते, कुत्री फिरवणारी माणसं दिसतात, इमारतींना पहारेकरी. मग लिबेर्तादोर हा रुंद रस्ता लागतो. तिथून लिदोरो किंतेरोस नावाचा छोटा रस्ता स्टेडियमच्या दिशेनं वळतो. कोपऱ्यावर काहीच नाही. ना पाटी, ना खूण. फुटपाथवर पानं पडलेली, एक दुकानदार पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट उतरवून घेत होता. त्याला विचारलं, बस इथंच का? त्यानं हातातला क्रेट खाली न ठेवता नुसत्या हनुवटीनं वळण दाखवलं.

२४ नोव्हेंबर २०१८, शनिवार. सामना संध्याकाळी पाचचा. दोनच दिवस आधी बोकानं खुला सराव ठेवला होता आणि नुसता सराव बघायला बोंबोनेरा इतकं भरलं की क्षमतेबाहेर गर्दी झाली म्हणून शहराच्या प्रशासनानं स्टेडियमला टाळं लावलं. त्या उधाणातून निघालेली बोकाची बस या वळणावर आली. पुढे-मागे पोलिसांच्या मोटारसायकली होत्या. पण वळणावरची रिव्हरच्या पाठीराख्यांची गर्दी मागे ढकलून ठेवायला पुरेसं कुणी नव्हतं. दगड, बाटल्या, हाताला येईल ते. काचा फुटल्या. पांगवायला पोलिसांनी सोडलेला अश्रुधूर फुटक्या खिडक्यांतून आत गेला. बस स्टेडियमला पोचली तेव्हा खेळाडू ओकत होते. कर्णधार पाब्लो पेरेसच्या डोळ्याला इजा झाली, त्याला रुग्णालयात न्यावं लागलं.

आत ६० हजारांहून जास्त लोक दुपारपासून उन्हात बसले होते. त्यांत माझे घरमालक होते. आल्माग्रो भागात ज्यांच्या घरातली खोली मी घेतली होती, ते निवृत्त भूगोल शिक्षक. मी मनात त्यांना मास्तरच म्हणत असे. रिव्हरचे जुने सभासद. ते सांगत होते, पाचचे सहा झाले, सहाचे सव्वासात. दर वेळी ध्वनिक्षेपकावरून नवी वेळ, दर वेळी टाळ्या. पाणी संपलं. बाहेर काय झालं ते आतल्या लोकांना फोनवरून कळत होतं, पण फोनही धड लागत नव्हते. शेवटी सामना उद्यावर गेला. रविवारी मास्तर पुन्हा डबा बांधून निघाले, आणि वाटेत असतानाच कळलं की आजही नाही. "दोन दिवसांत मी चार वेळा स्टेडियमची वाट चाललो," ते म्हणाले. "भूगोलाच्या माणसाला तेवढंच."

फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फांतिनो त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. खंडीय संघटनेला, काँमेबोलला, सामना त्याच संध्याकाळी उरकायचा होता. तिच्या डॉक्टरांना खेळाडू खेळण्याजोगे वाटत होते. बोकाचे खेळाडू खेळायला तयार नव्हते, आणि काचेचे तुकडे केसांतून झटकणाऱ्या माणसाला मैदानात उतर म्हणणाऱ्यांचं आश्चर्यच वाटतं. शहराचे सुरक्षामंत्री मार्तिन ओकाम्पो यांनी दोन दिवसांत राजीनामा दिला. याच आठवड्याच्या शेवटी जी-२० देशांचे प्रमुख ब्युनोस आयर्सला जमणार होते. जगातल्या बड्या नेत्यांना सांभाळू म्हणणाऱ्या शहराला एक बस सांभाळता आली नव्हती.

बोकानं मागणी केली: सामना नको, चषक आम्हाला द्या. मागणीला आधार होता, आणि तो बोकाच्याच घरातला होता. १४ मे २०१५ रोजी याच स्पर्धेत, याच दोन संघांत, बोंबोनेरावर उपउपांत्यपूर्व फेरीचा परतीचा सामना चालू होता. मध्यंतरानंतर रिव्हरचे खेळाडू बोगद्यातून मैदानात येत असताना बोकाच्या पाठीराख्यांकडून त्यांच्या तोंडावर तिखट फवारा मारला गेला. सामना तिथंच थांबला, बोका बाद झाला आणि पुढे त्या वर्षीचा चषक रिव्हरनं जिंकला. तेव्हा आम्हाला जो न्याय लावला तोच आता लावा, असं बोकाचं म्हणणं. काँमेबोलनं ते फेटाळलं. रिव्हरला ४ लाख डॉलर दंड झाला आणि दोन सामने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळण्याची शिक्षा झाली. परतीचा सामना मात्र होणार होता. ९ डिसेंबरला. माद्रिदला.

मोन्युमेंटालला मी बाहेरूनच प्रदक्षिणा घातली. १९३८चं हे स्टेडियम आता नव्यानं वाढवून ८० हजारांहून अधिक माणसांचं झालं आहे, पूर्वीची धावपट्टी गेली आहे. लिबेर्तादोर रस्त्यावर थोडं पुढे एस्मा आहे, नौदलाची जुनी तंत्रशाळा. १९७६ ते १९८३च्या लष्करी राजवटीत इथं माणसं डांबून त्यांचा छळ केला जाई. १९७८च्या विश्वचषकाची अंतिम लढत या मोन्युमेंटालवर झाली, अर्जेंटिना नेदरलँड्सविरुद्ध ३-१ असा जिंकला, आणि तो जल्लोष कोठडीतल्या कैद्यांना ऐकू येत होता. आज तिथं स्मृतिसंग्रहालय आहे. मी आत गेलो, तासाभरानं बाहेर आलो. त्या दिवशी पुन्हा स्टेडियमकडे वळलो नाही.

परतीचं विमान माद्रिदमार्गे घेतलं होतं. ब्युनोस आयर्सहून माद्रिदला बारा तास लागतात. स्पर्धेचं नाव लिबर्तादोरेस, म्हणजे मुक्तिदाते. सान मार्तिन, बोलिव्हार आणि त्यांचे साथी, ज्यांनी दक्षिण अमेरिका स्पेनच्या राज्यातून सोडवली. त्यांच्या नावाच्या चषकाची अंतिम लढत स्पेनच्या राजधानीत, तीही रेआल माद्रिदच्या घरी. चेष्टा करायला अर्जेंटिनातल्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही. नाव बदलून 'कोंकिस्तादोरेस', म्हणजे जेते, करा, असं त्यांनी लगेच सुचवलं.

मी कोलंबसच्या चौकातून निघालो. उंच खांबावर कोलंबस उभा, आणि कास्तेयाना हा झाडांचा रुंद रस्ता उत्तरेला सान्तियागो बेर्नाबेऊपर्यंत जातो. पाऊण तासाची चाल. सामन्याच्या दिवशी हा रस्ता दोन तुकड्यांत वाटला होता, एका टोकाला बोका, दुसऱ्याला रिव्हर, मध्ये घोडेस्वार पोलीस. बंदोबस्ताला सुमारे ४ हजार माणसं. यजमान रेआल माद्रिद त्याच दिवशी परगावी होता, वेस्कात, आणि १-० असा जिंकला; पण तो सामना कुणाला आठवतो? आणि एक गोष्ट फक्त इथंच घडू शकली. मायदेशात एका स्टेडियममध्ये बसायला बंदी असलेले दोन्ही बाजूंचे पाठीराखे १० हजार किलोमीटरवर एका छताखाली बसले. स्पेनमध्ये अर्जेंटिनातून आलेल्यांची वस्ती मोठी आहे. स्टेडियममध्ये ६२ हजारांवर लोक होते. मेस्सीही आला होता.

बेर्नाबेऊत आणखी एका परतीची आठवण आहे. रेआल माद्रिदला मोठं करणारा आल्फ्रेदो दि स्तेफानो ब्युनोस आयर्सच्या बार्राकास वस्तीतला, ला बोकाला लागून. खेळायला लागला तो रिव्हरमधून. तो इथं आला आणि इथलाच झाला. २०१४ साली गेला, नाही तर त्या रात्री तो कुठं बघत बसला असता, ते बघायला मला आवडलं असतं.

तो सामना मी कोल्हापुरात पाहिला होता, सोमवारी पहाटे एकला, आवाज बंद करून, घरातले उठू नयेत म्हणून. रिव्हरचा प्रशिक्षक मार्सेलो गायार्दो बाकावर नव्हता. उपांत्य सामन्यात बंदी मोडून मध्यंतराला खेळाडूंच्या खोलीत गेल्याबद्दल त्याला दोन्ही अंतिम सामन्यांत बाहेर बसवलं होतं. ४४व्या मिनिटाला नान्देसच्या पासवर बेनेदेत्तोनं बचाव कापत गोल केला आणि पडलेल्या गोन्सालो मोंतिएलकडे बघून जीभ काढली. चार वर्षांनी याच मोंतिएलनं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटची पेनल्टी मारून अर्जेंटिनाला जिंकून दिलं, पण ती जीभ दाखवणारं छायाचित्र अजून फिरतं. ६८व्या मिनिटाला प्रात्तोनं बरोबरी केली. जादा वेळ सुरू होताच बोकाच्या विल्मार बारिओसला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, तो बाहेर. १०९व्या मिनिटाला कोलंबियाचा हुआन फेर्नांदो किंतेरो, बुटका, डावखुरा, त्यानं पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून चेंडू असा हाणला की तो आडव्या दांडीच्या पोटाला घासून आत गेला. जादा वेळेत रिव्हरनं ज्या पोराला बदली म्हणून मैदानात उतरवलं तो अठरा वर्षांचा होता. नाव हुलियान आल्वारेस. बोकाचा फेर्नांदो गागो टाचेची नस धरून बसला, बदली खेळाडू संपलेले, नऊ जण उरले.

बऱ्याच जणांचा समज आहे की त्या बसवरच्या दगडांमुळे लिबर्तादोरेसची जाऊन-येऊन पद्धत बंद झाली. तसं नाही. २०१९पासून अंतिम फेरी एकाच सामन्याची, तीही आधी ठरवलेल्या शहरात, हा निर्णय काँमेबोलनं २०१८च्या फेब्रुवारीतच घेतला होता. युरोपातली चँपियन्स लीग डोळ्यांपुढे होती. युरोपातही यूएफा चषकाची अंतिम फेरी १९९७पर्यंत दोन सामन्यांची होती. एक सामना म्हणजे एक तारीख, एक शहर, दूरचित्रवाणीला सोयीचं. पण पहिल्याच वर्षी सांतियागोत आंदोलन पेटलं आणि सामना ऐनवेळी लिमाला हलवावा लागला. तिथं रिव्हर ८९व्या मिनिटापर्यंत पुढे होता, आणि फ्लामेंगोच्या गाब्रिएल बार्बोसानं तीन मिनिटांत दोन गोल केले. आफ्रिकेनंही चँपियन्स लीगची अंतिम फेरी एका सामन्याची करून पाहिली आणि २०२३ साली पुन्हा दोन सामन्यांवर आली. आफ्रिकेनं केलं ते मला शहाणपणाचं वाटतं. गावातल्या माणसाला विमानाचं तिकीट परवडत नाही, बसचं परवडतं.

बेर्नाबेऊच्या वरच्या मजल्यावर, नव्या सरकत्या छताखाली मी बराच वेळ बसलो होतो. खाली गवत नव्हतं, कसलंसं काम चालू होतं. माझ्या कानात मात्र आल्माग्रोतली ती खोली होती.

मास्तरांनी सामना घरीच पाहिला होता, एकट्यानं, दार लावून. तिकडे दुपारचे साडेचार वाजले होते. त्यांच्या वरच्या मजल्यावर बोकाचा एक म्हातारा राहतो, त्यांचाच तीस वर्षांचा शेजारी. तो रेडिओवर सामना ऐकत होता. रेडिओ आणि केबलच्या चित्रात काही सेकंदांचा फरक. रेडिओ पुढे, चित्र मागे. त्यामुळे पडद्यावर नान्देसच्या पायात चेंडू असतानाच मास्तरांच्या डोक्यावर खुर्ची उलटली, पाय आपटले, आणि त्यांना कळलं की आपण गोल खाणार आहोत. दुसऱ्या गोलापर्यंत त्यांनी ठरवून टाकलं की टीव्ही नुसता बघायचा, सामना छताकडून ऐकायचा. किंतेरोच्या गोलाच्या वेळी वर काहीच झालं नाही. नुसती शांतता, आणि गल्लीतून कुठून तरी आरोळी.

मग १२०वं मिनिट. वरून "गोओ..." अशी आरोळी निघाली आणि मध्येच तुटली. मास्तर खुर्चीच्या कडेला आले. त्यांच्या पडद्यावर बोकाच्या लेओनार्दो हाराचा पाय तेव्हा कुठं मागे जात होता. ते म्हणाले, ती तुटलेली आरोळी म्हणजे काय, हे समजायला त्यांना जो क्षणभर लागला तेवढा वेळ त्यांच्या आयुष्यात दुसऱ्या कशाला लागलेला नाही. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. बोकाचा गोलरक्षक आंद्रादा आपलं घर सोडून पुढे आला, सगळेच पुढे आले, कॉर्नर झाला, चेंडू उडाला. आणि वरच्या मजल्यावर खिडकीची पट्ट्यांची झडप खाली सोडल्याचा खडखडाट झाला. मास्तरांच्या पडद्यावर रिव्हरचा पिती मार्तिनेस अजून मध्यरेषेजवळच होता, त्याच्यापुढे कुणीही नव्हतं, आणि तो धावत होता.